फ्रीगंजात मिळालेलं खोगीर

मंडळी, आज फ्रीगंजच्या बाजारात झकास सौदा जमला! संस्थान विलीन झाल्यापासून घोडदळाचं जुनं सामान तिथे स्वस्तात मिळतंय. मी नर्स, आता खेड्यांतल्या बाळंतपणांना घोडीवरून जाणार.

दुकानदारानं खोगीर आमच्या ह्यांच्यापुढे ठेवलं. "साहब, बैठके देखिए."

"घोड़ी इनकी है," हे हसले. "मुझे तो डर लगता है."

मी पट्टे ओढून पाहिले. एक विरलेला निघाला.

"भैया, भाव कम करो."

त्यानं भाव उतरवला, शिवाय घोडेस्वारीची विजारही निम्म्यात दिली.

घरी सासूबाईंनी विजार वरपासून खालपर्यंत न्याहाळली. सुनेनं विजार घालायची म्हणून आता बोलणी बसणार, असं मला वाटलं.

मग म्हणाल्या, "कमरेत सैल होईल गं तुला. आण इकडे, शिवून देते."

आता सांगा, मी कुणाला घाबरू?