टोपलीवरचं हसू

गल्लीत तिला सगळे हसरी म्हणतात. खरं तर बाईचं तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं. जन्मात पोटभर हसली ती एकदाच. कंपनीचा फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून मागं मागं सरकला आणि वेत भिजवायच्या हौदात बदकन बसला, तेव्हा. पठ्ठ्या गळ्यापर्यंत भिजला, पण बटण दाबायला चुकला नाही. तेव्हापासून ते हसू पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर छापून प्रत्येक टोपलीला दोऱ्यानं लटकतंय.

त्या वर्षी कंपनी, बँक आणि एक संस्था अशा तिघांनी हातमिळवणी केली होती. हात गल्लीतल्या बायकांचे, भांडवल बँकेचं, गिऱ्हाईक कंपनीचं, आणि सगळ्यांची मनं सांभाळायला संस्थेच्या मॅडम. बायकांना मजूर म्हणायचं नाही, भागीदार म्हणायचं, असं ठरलं. टोपल्या धडाधड खपल्या. गळकी छपरं बदलली, पोरी शाळेत टिकल्या. यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर पंचाईत.

कारण नवा भागीदार, म्हणजे एखादं दुकान नाहीतर बँक, जोडायचा म्हटलं की मॅडम पाहुण्यांना घेऊन थेट हसरीच्या पायरीशी. डोक्याला तोच निळा रुमाल, मांडीत अर्धी टोपली, तोंडावर तेच हसू. रुमाल विटला, तर कंपनीनं हुबेहूब दुसरा धाडला. भिंत रंगवायची तिला हौस आली, तर मॅडम म्हणाल्या, राहू द्या, फोटोत भिंत अशीच आहे.

उजव्या अंगठ्यानं मात्र दावा मांडला. वेत चिरायला सुरी धरली की कळ खांद्यापर्यंत जायची. डॉक्टरांनी बजावलं, हे काम थांबवा, नाहीतर अंगठा नावापुरता उरेल. दूरच्या गावी धाकट्या बहिणीचं दुकान होतं. ती कधीची म्हणत होती, ये, गल्ल्यावर बस, मागच्या खोलीत तुझी खाट टाकते. हसरीनं मनाचा हिय्या केला आणि पिशवी भरली.

गल्लीला लगेच वास लागला; हसूच गेलं तर टोपल्या कोण घेणार? शेजारणी येऊन दाराशी नुसत्या उभ्या राहायला लागल्या. शेजारी राहणारी थोरली जाऊ मात्र मुकाट बसणारी नव्हती.

"जा की," ती म्हणाली. "जाताना आमचीही तोंडं पिशवीत भरून ने. इथं कोण बघणार त्यांना?"

हसरीनंच तोड काढली. मॅडमना म्हणाली, जावेचाच फोटो लावा, हिची वीण माझ्यापेक्षा घट्ट आहे. फोटोवाला आला आणि हौदापासून लांब उभा राहिला. जावेनं हसायला तोंड उघडलं, तर कुणी दाढ उपटतंय असं वाटलं. कंपनीचा निरोप आला, गिऱ्हाइकाला सवयीचा चेहरा आहे, तोच ठेवा.

पुढच्या पाहुण्यांची शहरोशहरी दुकानं होती. ते जोडले गेले तर गल्लीच्या हाताला वर्षभर उसंत नव्हती. हसरी पायरीवर बसली. दाराआड पिशवी तशीच भरलेली. एका पाहुणीनं मॅडमकरवी विचारलं, तुमच्या मनात काय आहे ते सांगा.

"मला इथून जायचंय," हसरी म्हणाली. "अंगठा गेलाय. बहिणीच्या दुकानात बसायचंय."

मॅडमचा चेहरा पडला, पण बाई सरळ. शब्दाला शब्द सांगितलं. जावेचा विणता हात थांबला. पाहुणे आपसात कुजबुजले आणि पाहुणीचे डोळे एकदम लकाकले. बहिणीचं दुकान आहे? मग तिलाही जोडून घेऊ! आणि अंगठ्याची काळजी कशाला? वेत दुसरी कुणी चिरेल. यांनी टोपली नुसती मांडीत धरायची.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मॅडमनी डोळे पुसले.

काही आठवड्यांनी बहिणीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. दुकानाला नवी पाटी लागली होती, तिच्यावर ताईचा फोटो, दारापेक्षा मोठा. मागची खोली टोपल्यांनी आढ्यापर्यंत भरली होती.

"आणि माझी खाट?" हसरीनं विचारलं.

बहीण म्हणाली, "अगं ताई, तू तिथून उठलीस तर या टोपल्या कुणाच्या नावावर खपायच्या?"

हसरीनं पिशवी रिकामी केली. कपडे खुंटीला परत गेले. जाऊ निळा रुमाल घेऊन आली आणि तिच्या डोक्याला बांधायला लागली.

"उद्या बँकेचे साहेब येतायत. हसू येत नसेल तर सांग, एखाद्याला हौदात ढकलते."

"मलाच ढकल," हसरी म्हणाली.

जावेनं रुमालाची गाठ आणखी आवळली.