बादलीभर पाणी

बिरसीला आमचं शेत धावपट्टीच्या कुंपणाला लागून आहे. शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात. त्यांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय लागल्यामुळे माझी मोठी माय, म्हणजे थोरल्या काकांची बायको, घरातही ओरडूनच बोलते. काका गेल्यापासून शेत तीच पाहते.

त्या पावसाळ्यात मी महिनाभर घरून काम करायला म्हणून हैदराबादहून आलो होतो. विमानानं, याच धावपट्टीवर उतरणाऱ्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते माझ्या अंगाशी येणार आहे.

गावच्या समाज मंदिरात एक तज्ज्ञ साहेब आले होते. मोठी माय पुढे बसली, मी तिच्या शेजारी. साहेब म्हणाले, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पाणी साचून राहिलं की मातीतून गॅस निघतो.

"गॅस निघते?" मागून एक बाई ओरडली. "मंग सिलेंडर कायले घेऊन राहिलो?"

"नळी कुठं लावाची तेवढं सांगा, साहेब," मोठी माय म्हणाली, आणि सभा हातातून गेली ती गेलीच. साहेबही बिचारे हसले. मग त्यांनी समजावून सांगितलं की हा गॅस दिसत नाही, गोळा करून चुलीला लावता येत नाही, वर जातो आणि पृथ्वी तापवतो. तेवढ्यात एक विमान छपरावरून गेलं. साहेब तोंड उघडं ठेवून ते जायची वाट पाहत राहिले.

मोठ्या मायनं बोट वर केलं. "आन हा? हा नाही सोडत गॅस?"

"सोडतो ना," साहेब म्हणाले. "पण तो माझा विषय नाही."

"मंग ह्याले म्हना, येता-जाता बादलीभर पानी तरी टाकत जा."

साहेबांना प्रयोगासाठी एक बांधी हवी होती. मधेच पाणी काढून टाकायचं आणि दहा दिवसांनी पुन्हा भरायचं, एवढंच. कोणी बोलेना. भरलेल्या सभेत गप्प बसवत नाही, हा माझा जुना आजार आहे. मी उठून म्हणालो, "आमची घ्या."

टाळ्या पडल्या. मोठ्या मायनं त्या संपेपर्यंत वाट पाहिली.

"पानी काढतो मी. भरून कोन देईन? आपली बांधी शेपटाले हाय."

शेपटाला म्हणजे तलावाच्या पाटाच्या अगदी टोकाला. पाणी पाळीनं मिळतं, वरच्या शेतांपासून सुरुवात होते आणि आमची पाळी सगळ्यांत शेवटी लागते. हे मला लहानपणापासून माहीत होतं. टाळ्यांमध्ये आठवलं नाही.

"पाऊस येईलच ना," मी म्हणालो.

"पाऊस तुझ्या ऑफिसात कामाले हाय का?"

पण घरच्या माणसानं चारचौघांत शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी तिनं फावड्यानं धुरा, म्हणजे बांधीचा बांध, फोडला आणि गुडघ्याखालचं ते गढूळ, कोमट पाणी नाल्यात सोडून दिलं. साहेबांच्या माणसानं बांधीत एक रंगीत पाटी रोवली.

मग पाऊस दडी मारून बसला. दहाव्या दिवशी जमिनीला करंगळी जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि धानाची टोकं पिवळी पडत होती. अख्ख्या बांधीत ताठ उभी होती ती फक्त पाटी. मी आधी साहेबांवर चिडलो, मग पावसावर. स्वतःवर चिडायला मला दोन दिवस लागले.

शेवटी मी पाटाच्या तोंडाशी गेलो. ज्यांची पाळी चालू होती ते म्हातारबा फावड्याला टेकून उभे होते. म्हटलं, आम्हाला मधेच थोडं पाणी द्या.

"पाळी म्हनजे पाळी, बाबू. तुझ्या विमानात मले तुझ्या जागेवर बसू देशीन का?"

"पण हे सगळ्या पृथ्वीसाठी केलं आम्ही."

"पृथ्वी सगळ्याइची हाय," ते शांतपणे म्हणाले, "मंग पानी शेपटावालीचंच काऊन काढलं?"

मी हैदराबादला अशा विषयांवर तासभर बोलू शकतो. तिथे मी आल्या वाटेनं घरी निघालो.

आमच्या पाळीला अजून चार दिवस होते आणि माझं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. मी म्हणालो, रद्द करतो.

"राहून का करशीन?" मोठी माय म्हणाली. "तू थुकून थोडीच बांधी भरनार हाय? जा. वरून पाहजो."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

विमान उठलं आणि मी खिडकीला नाक लावलं. खाली सगळ्या बांध्या पाण्यानं चमकत होत्या आणि कुंपणाजवळ एक मातीच्या रंगाचा चौकोन होता. त्याच्या धुऱ्यावर मोठी माय उभी होती. तिनं दोन्ही हातांनी एक रिकामी बादली वर धरली होती, तोंड आभाळाकडे करून. ती हसत असणार, मला खात्री आहे. मला मात्र लाज वाटली, आणि विमान उतरेपर्यंत ती गेली नाही.

थोड्या वेळानं हवाईसुंदरी माझ्याजवळ येऊन वाकली.

"सर, पानी?"

मी मागितलंही नव्हतं.