टेबलावरचं कुलूप

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचा नवरा, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे. माणूस देवमाणूस, छंद मात्र चोराचा. दुकानातून आले, चहा झाला, की खिडकीजवळच्या टेबलाशी बसून किल्लीशिवाय कुलूप उघडायचे आकडे घडवायचे. रस्ते झाडणाऱ्या गाडीच्या ब्रशमधून पोलादी पट्ट्या गळून पडतात, त्या फिरायला गेले की वेचून आणत. ताई म्हणायची, "लोकांच्या नवऱ्यांच्या खिशात चिठ्ठ्या सापडतात, माझ्या नशिबी भंगार." पट्टी टेबलाच्या कडेला बसवलेल्या वाइसच्या जबड्यात धरायची, बारीक कानशीनं टोकाला बाक द्यायचा, मग पॉलिश पेपरनं इतकी घासायची की जिभेला लावली तरी खरखरू नये. आकडा खरखरीत असला की कुलपातल्या पिना बोटांशी बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं माझं.

आकडे करायचे त्यांनी आणि चालवून बघायचे ताईनं. तिची बोटं शिवणकामातली, हलकी. ती डोळे मिटायची, मान जरा कलती करायची आणि आत कुठेतरी काहीतरी ऐकायची. कुलूप उघडलं की न बोलता भाऊजींच्या मांडीवर ठेवून द्यायची. "अगं, किल्ली असताना हा उपद्व्याप कशाला?" मी विचारायचे. "किल्लीनं काय, कुणीही उघडेल," ती म्हणायची. घरात नियम एकच, तोही तिनंच घातलेला. खेळ टेबलावर. दाराच्या कुलपाला आकडा लावायचा नाही.

मग ताई विसरायला लागली. आधी आमटीतलं मीठ, मग शब्द, मग माणसं. मला ती 'अहो बाई' म्हणू लागली. मी हसण्यावारी न्यायचे आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडायचे. स्वतःच्या घरात बसून "मी आता घरी जाते, वाट बघत असतील" म्हणायची आणि अनवाणीच निघायची. एकदा तर इस्त्रीवाला तिला हाताला धरून घेऊन आला. मग भाऊजींनी आतून कडीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. ताई दार बडवत राहिली. तळहात सुजले तरी थांबेना. शेजारच्या बाईंना वाटलं, आत कुणी कुणाला मारतंय.

आणि एका सकाळी तिनं टेबलावरच्या डब्यातून आकडा उचलला, स्टूल ओढलं आणि दारापुढे बसली. डोळे मिटले. मान कलती. कुलूप उघडून तिनं भाऊजींच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी मला फोन केला, तो आवाज पहिला नातू झाल्याची बातमी देणाऱ्या आजोबाचा. "अगं, उघडलं तिनं! बोटांना सगळं आठवतंय!"

कुठल्याही शहाण्या माणसानं तो डबा त्याच दिवशी माळ्यावर टाकला असता. भाऊजींनी काय केलं? आणखी अवघड कुलूप आणून दाराला लावलं. ते उघडलं, की त्याहून अवघड. तिच्यासाठी नवे, नाजूक आकडेसुद्धा घासू लागले. मी जाऊन फैलावर घेतलं.

"भाऊजी, नियम विसरलात? सरळ शेजाऱ्यांकडून बाहेरून कडी घालून घ्या."

"कडी घातली की ती बडवते. कुलूप असलं की बसते. बघ ना तिच्याकडे."

मी बघितलं. ताई स्टुलावर होती. शांत, गुंतलेली, थेट माझी जुनी ताई. मी आवाज खाली आणला.

"आणि उघडून गेली तर?"

"मी असतो ना इथेच. उघडलं की माझ्याच मांडीवर आणून ठेवते."

माणूस म्हातारा, दिवसभर राखण, रात्रीची झोप नाही. एका दुपारी दाराशेजारच्या खुर्चीत त्यांचा डोळा लागला. त्या दिवशी कडीला जे कुलूप होतं, ते त्यांना स्वतःलाही कधी उघडता आलं नव्हतं. जाग आली तेव्हा दार सताड उघडं होतं आणि कुलूप त्यांच्या मांडीवर होतं.

ताई सापडली नाक्यावरच्या पुलाच्या पायऱ्यांच्या तळाशी, पडलेली. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात आणि या डोक्यानं आता चालणं विसरा. ऑपरेशननंतरच्या गुंगीतून ती जी बाहेर आली, ती उरलंसुरलं तिकडेच ठेवून. मी भाऊजींना हॉस्पिटलच्या जिन्यात वाटेल ते बोलले. ते मध्येच म्हणाले, "पण ते उघडलं गं तिनं." माझा हात उठायचाच बाकी होता.

आता त्यांच्या दाराला कुलूप नसतं. कुणीही यावं, दार दिवसभर उघडं. ताई खिडकीजवळच्या पलंगावर असते, टेबलाच्या अगदी शेजारी. परवा गेले तर भाऊजी आकडा घासत बसले होते. मला म्हणाले, "थांब, बघ." त्यांनी सगळ्यांत सोपं कुलूप काढलं, लग्नानंतर ताई ज्याच्यावर शिकली ते. तिच्या एका हातात कुलूप दिलं, दुसऱ्या हातात आकडा. बोटं मिटवून दिली. आम्ही दोघं तिच्या बोटांकडे बघत उभे.

ताईनं कुलूप उलटसुलट केलं. आकडा चादरीवर घरंगळला, तिचं लक्षही गेलं नाही. तिनं भाऊजींकडे बघितलं, पाहुण्या माणसाकडे बघावं तसं, अदबीनं.

"कुणाचं आहे हो हे?"

"आपलंच आहे. उघड ना."

"मग किल्लीनं उघडा की," ताई म्हणाली आणि कुलूप त्यांच्या हातात परत दिलं.

भाऊजींनी ड्रॉवर उघडला. खूप वेळ शोधून किल्ली काढली, कुलपाला लावली आणि तिला उघडून दाखवलं.