फर्म मोडायला आलेले दोघे

“मॅडम, आमची फर्म मोडा. आजच्या आज.”

गावंडे आणि मुकादम माझ्यासमोर बसले होते, मधली खुर्ची रिकामी ठेवून. मी तुर्भ्याला सीएची प्रॅक्टिस करते. हे दोघं तळोज्यात रबरी गॅस्केट बनवतात, म्हणजे पाइपच्या जोडातून गळू नये म्हणून बसवायच्या चकत्या. लग्नाआधीपासूनची दोस्ती. डबासुद्धा एकत्र खातात.

“झालं काय?”

“बजेट,” मुकादम म्हणाले.

दरवर्षी बजेटवरून त्यांची चहावर जुंपते, त्यात नवीन काही नाही. यंदा गावंडे बोलून गेले, की आमच्या टॅक्सवर फुकटात शिकणाऱ्यांनी देश बुडवला. मुकादमांची मुलगी सलमा सरकारी कॉलेजात शिकून डॉक्टर झालेली.

“मी पोरीला नाय बोललो, सरकारला बोललो,” गावंडे भिंतीकडे बघत म्हणाले. “आमच्या रस्त्यान खड्डे तसेच, टॅक्स मात्र टायमावर पायजे!”

“देश टॅक्स चुकवणारे बुडवतात, गजानन. शिकणारी पोरं नाही.” मुकादम म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. पण काम ते काम. मी समजावलं, “फर्म बंद म्हणजे जीएसटी नोंदणी बंद. माल, मशीन घेताना भरलेला टॅक्स आपण विक्रीच्या टॅक्समधून वजा करत आलो. त्याला इनपुट क्रेडिट म्हणतात. आता शिल्लक माल आणि मशीन यांचं क्रेडिट हिशेबाने सरकारला परत करावं लागेल.”

“म्हंजे भांडायचा पन टॅक्स?” गावंडे ओरडले.

“हा मात्र जुलूम आहे!” मुकादम म्हणाले. आजवर प्रत्येक कराची बाजू घेणारा हा माणूस!

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. टॅक्सवर त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. मला हसू आवरेना. मुकादमही हसले. गावंडे हसले नाहीत. ते उठून मधल्या खुर्चीवर येऊन बसले.

“इस्माईल, माजं तोंड फाटकं. सलमा डॉक्टर झाली तवा कारखान्यांच्या अख्ख्या लाइनीत पेढे कोनी वाटले? माजा टॅक्स कुठं कामी आला असंल, तर तितंच आला.”

मुकादमांनी चष्मा काढून पुसला. “खड्ड्यांचं बाकी तुझं खरं आहे,” ते म्हणाले.

फर्म शाबूत राहिली. माझा अख्खा दिवस गेला होता, म्हणून मी सल्ल्याचं बिल पाठवलं. लगेच गावंडेंचा फोन आला. “म्याडम, काम जालंच नाय, तर फी कसली?”

मागून मुकादमांचा आवाज आला, “बरोबर बोलतोय तो.”

देश कशाने बुडतो, ते त्यांचं अजून ठरलेलं नाही. सीए मात्र अशिलांची भांडणं मिटवून बुडतो.