गुडघ्याचं कारण

शनिवारी संध्याकाळी बेर्ती पायऱ्या चढून आला, तेव्हा ओमा नेल्चे गुडघ्याला गरम पाण्याचा शेक देत बसली होती. नातवंडं नसली तरी सगळं गाव तिला ओमाच, म्हणजे आजीच, म्हणायचं. अडुसष्ट वर्षांची, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. घरामागच्या उतारावर लवंगेची चौदा झाडं होती, वर्षाचं सगळं त्यांच्यावर चालायचं.

"उद्या ढोल वाजणार बरं का, ओमा," बेर्ती म्हणाला. "उन्हानं सगळीकडच्या कळ्या एकदम लाल व्हायला लागल्यात. रविवार पाळत बसलो तर अर्ध्या फुलतील."

फुललेल्या लवंगेला कोण विचारतो, हे ओमाला सांगायची गरज नव्हती.

त्यांच्या गटात अकरा घरं होती. पहाटे बांबूचा ढोल वाजला की सगळ्यांनी जमायचं आणि ज्याची पाळी त्याच्या झाडांवर चढायचं. ओमा आता चढत नसे, झाडाखाली बसून कळ्यांचे देठ खुडायची. अकरांपैकी चार झाली होती. रविवारी पाचवं, सोमवारी ओमाचं.

"उद्या रविवारची उपासना. मी देवळात असेन," ती म्हणाली.

बेर्तीनं उसासा टाकला. "देऊळ कुठं पळून जातंय? कळी पळते. पाळक काही बोलले का? त्यांचीही सहा झाडं आहेत."

"ते त्यांचं त्यांनी बघावं."

"मग तुझी पाळी शेवटी जाईल. पुढच्या शनिवारी. तोवर तुझ्या झाडांवर मधमाश्या नाचतील."

चुकेल त्याची पाळी शेवटी, हा नियम ओमाच्याच अंगणात ठरला होता. तिचा दीर ताडी पिऊन पडून राहायचा, त्याला वठणीवर आणायला तिनं आणि नवऱ्यानं तो करून घेतला होता. सूट फक्त दोघांना होती. ज्याच्या घरी मरण झालं त्याला, आणि आजाऱ्याला.

बेर्तीची नजर गरम पाण्याच्या भांड्याकडे गेली. त्याचा चेहरा उजळला.

"अगं, तुझा गुडघा सुजलाय की. एवढंच सांग ना. ओमाचा गुडघा धरलाय, ती आजारी आहे. सोमवारी आम्ही सगळे तुझ्याकडे. खोटं तरी कुठं आहे यात?"

खोटं नव्हतंच. गुडघा तीन दिवस ठणकत होता. ओमानं फडकं गरम पाण्यात बुडवून पुन्हा गुडघ्यावर ठेवलं. तिला फार थकवा आला होता. रविवारी देवळात ती प्रवचनाला डुलक्याच घ्यायची, हे तिलाही माहीत होतं आणि बेर्तीलाही. लहानपणी याच बेर्तीकडून तिनं बायबलातल्या दहा आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या. चौथीपाशी, विसाव्याचा दिवस पवित्र पाळायच्या आज्ञेपाशी, तो नेहमी अडखळायचा.

"गुडघा दुखतोय," ती शेवटी म्हणाली. "पण मी त्यासाठी थांबत नाहीये, बेर्ती. काल याच गुडघ्यानं तुमच्याकडे आलेच होते ना."

"हे कुणी विचारलं नाही तुला."

"म्हणूनच सांगतेय."

"अकरा घरांत तू एकटीच शहाणी?"

"शहाणी असते तर हो म्हटलं असतं."

तो उठला. पायरीवर थांबून म्हणाला, "लोकांना तुझा गुडघा हवा होता, ओमा. उद्या झाडावर चढताना त्यांनाही जरा बरं वाटलं असतं." मग गेला.

रविवारी देवळात सात माणसं होती. दोन आजारी, एक बहिरी, बाकी म्हातारी. पाळकांनी प्रार्थना लवकर आटोपली. मधेच उतारावरून हाका ऐकू आल्या, शिडी हलवायच्या, हसण्याच्या. समोर राहणारी मिन्चे नंतर विहिरीवर भेटली, बोटं लवंगेनं काळी झालेली. "देवानं काय सांगितलं गं?" तिनं विचारलं. "काही नाही," ओमा म्हणाली, "मी झोपले होते." मिन्चे हसली, पण घागर उचलताना तिनं ओमाकडे पाहिलं नाही.

गटाच्या इतर झाडांखाली ओमा रोज जाऊन बसली. देठ खुडले, कुणी चेष्टा केली तर हूं म्हणाली. संध्याकाळी घरी येऊन हाताला येतील त्या फांद्यांच्या कळ्या काढायची. बुधवारी वरच्या शेंड्यांवर पिवळसर केसर दिसायला लागलं. शुक्रवारी झाडं भरून फुलली. वास इतका गोड होता की तिनं खिडकी लावून घेतली.

शनिवारी ढोल तिच्या दारात वाजला. सगळे आले, नियम होता. ज्या कळ्या अजून बंद होत्या त्या शोधून काढल्या, टोपल्या पुऱ्या तीनही भरल्या नाहीत. दरवर्षी दहा भरायच्या. कुणी गाणं म्हटलं नाही. दुपारी ओमानं भोपळा-पाल्याची पेज वाढली, सोबत धुरावलेला मासा, भरपूर मिरची. पाळी ज्याची, जेवण त्याचं.

बेर्तीनं मान खाली घालून दोन वाट्या पेज संपवली. तिसरी घेताना म्हणाला, "ओमा, गुडघा कसा आहे?"

"दुखतोय," ती म्हणाली आणि माशाचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. "उद्या काय ठरलंय?"

"झाली ना सगळी घरं," तो म्हणाला. "उद्या देऊळ."

ओमानं मान हलवली आणि भिंतीला पाठ टेकून पाय लांब केले.