बोरतळावरची शेवटची फेरी

नांदेडात मल्लिनाथचं आडनाव कुणाला माहीत नाही. ‘हेलिकॉप्टर मल्लिनाथ’ म्हटलं की ऑटोवाला थेट त्याच्या दुकानापुढं सोडतो. आधी तो मंडपवाल्याकडं बांबू उचलायचा. निवडणुकीच्या सभांना पुढारी आभाळातून यायला लागले, तेव्हा मैदानात टँकरनं पाणी मारून धूळ बसवायची, चुन्याचा गोल काढून त्यात मोठा ‘एच’ लिहायचा, हे काम मंडपवाल्याच्या गळ्यात पडलं आणि त्यानं ते मल्लिनाथच्या गळ्यात टाकलं. पुढारी आले, बोलले, उडून गेले. त्यांच्या आश्वासनांचं काय झालं ते लिहायला कागद पुरायचा नाही. मल्लिनाथ मात्र त्यातून धंदा शिकला. पायलटांशी ओळखी केल्या, कंपन्यांचे नंबर मिळवले. मग लग्नात नवरदेव उतरवायला लागला, वरातीवर फुलं उधळायला लागला. पुढं मोठ्या गटांच्या फेऱ्या. जत्रेतली माणसं पाच-पाच करून दिवसभर वर न्यायची आणि खाली आणायची. त्यासाठी कलेक्टर कचेरी, पोलीस, बांधकाम खातं, अग्निशामक दल, सगळ्यांच्या पायऱ्या चढायच्या. मी मोर्चे काढून एवढ्या चढले नसेन.

तो मूळ बोरतळचा. आता ‘बोरतळचा’ म्हणायलाही तोंड धजत नाही, कारण बोरतळ धरणाच्या पाण्यात आहे. नवं बोरतळ जळकोट तालुक्यात एका खडकाळ उतारावर बसवलं. नळ बसले, पाणी आलं नाही. त्या लोकांसाठी मी तहसीलपुढं बसून बसून म्हातारी व्हायला आले. आमची मागणी अजून तिथंच आहे आणि साहेब मात्र चार बदलून गेले.

मल्लिनाथची माय शिवगंगा. कपाळावर विभूती, त्यावर ठसठशीत कुंकू, आणि बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. तिच्या डोळ्यांत काचबिंदू. लातूरच्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं, गेली ती नजर परत येत नाही, राहिलेलीही जाणार. म्हातारी रडली नाही. बसमध्ये लेकाला एवढंच म्हणाली, “जायच्या आत बोरतळ एकदा दाखव बाबा.”

बोरतळ दिसतं ते फक्त उन्हाळ्यात, पाणी खाली गेलं की. तेही काठावरून नाही. मध्ये गुडघा-गुडघा गाळ, नाव रुतते, पाय रुततो. वरून मात्र सगळं दिसतं, असं मल्लिनाथनं स्वतः एका लग्नाला जाताना बघितलेलं. महादेवाच्या देवळाचं जोतं, आडाचं कडं, गल्ल्यांच्या रेघा.

म्हणून त्यानं दयानंदला गाठलं. दयानंद बोरतळचाच, पुण्यात बिल्डर झालेला. बापाच्या वर्षश्राद्धाला त्याला गावजेवण घालायचं होतं. मल्लिनाथ म्हणाला, “बुंदी खाऊन लोक दुसऱ्या दिवशी विसरत्यात. म्हाताऱ्या माणसांना गाव दाखव, मरस्तोवर नाव घेतील.” दयानंदला ते पटलं. एक दिवसाचं हेलिकॉप्टर ठरलं.

आदल्या दिवशी नव्या बोरतळच्या मठाच्या आवारात मल्लिनाथनं सगळ्यांना गोळा केलं. आडतीवरचा धान्य तोलायचा काटा आणून ठेवलेला. प्रत्येकाचं वजन घ्यायचं, कारण कोण कुणासोबत बसणार ते वजनावर ठरतं.

“मोठ्यानं वाचू नको रं मुडद्या,” केवळाबाई काट्यावर चढता चढता म्हणाली. “मी काय सोयाबीन हाय?”

“सोयाबीनला भाव तरी हाय,” तिचा दीर शेषेराव मागून बोलला. सगळे हसले.

मग मल्लिनाथनं पायलटपुढं कसं वागायचं ते शिकवलं. पदर खोचायचा, टोपी-रुमाल हातात धरायचा. शेपटीकडं फिरकायचं न्हाई, तिथला पंखा दिसत न्हाई पण मुंडकं उडवतो. पुढून, वाकून, पायलटनं अंगठा दाखवल्यावरच यायचं. आत बसल्यावर पायलटच्या खांद्याला हात लावायचा न्हाई, तंबाखू पुढं करायची न्हाई.

“अन् पाचाच्या जागी सात बसत्यात का म्हणून विचारायचं न्हाई. काळी-पिवळी न्हाई ती.”

“मांडीवर घेतलं तर?” शेषेराव म्हणाला.

“सगळ्यात मोठी गोष्ट,” मल्लिनाथनं त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. “पायलट न्हाई म्हणला की न्हाई. मंत्री असो का मुख्यमंत्री. दोनदा विचारायचं न्हाई. दोनदा विचारलेल्या पायलटनं ‘हाव’ म्हणलं अन् माणसं मेली, असं झालंय.”

मी त्याला बाजूला घेतलं. माय कितव्या फेरीत, विचारलं.

“शेवटच्या.”

“का रे?”

“आक्का, वाढपी अन् घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसत्यात. सगळ्यांना मी बोलावलंय. माझीच माय पयली बसली तर लोक काय म्हणतील?”

“लोक काहीबी म्हणतात. डोळे तिचे जायलेत, लोकांचे न्हाई.”

तो हसला. मायही मागोमाग आली होती. ती म्हणाली, “बरोबर हाय त्याचं. मी पयल्या पंगतीला कधी बसले का?”

मला राग आला, तो अजून उतरलेला नाही. गरिबाच्या घरची ही पंगत सरकारनंही पाठ केलेली आहे. शेवटी बसायला तयार असलेल्या माणसाच्या पानावर काय पडतं, ते मी आयुष्यभर बघत आले.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून हेलिकॉप्टर आलं. पंखा थांबला, धूळ बसली आणि आतून एक पोरगी उतरली. कॅप्टन अक्षरा. उंच, डोळ्याला काळा चष्मा, बोलणं हिंदी मिसळलेल्या मराठीत. शिवगंगाबाई काठी टेकत पुढं गेली, तिच्या अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं आणि कानडीत विचारलं, “याव ऊर यव्वा निंदु?” कुठल्या गावची गं तू?

पोरगी चमकली. चष्मा काढला. “बीदर,” म्हणाली. मग दोघी कानडीत अशा लागल्या की मल्लिनाथला मध्ये पडावं लागलं. बीदर म्हणजे उदगीरच्या शिवेपलीकडचं. म्हातारीनं लगेच जाहीर केलं, “ही आपलीच लेक हाय. माहेराला आल्यागत आलीय.”

म्हातारीचा नवरा चंद्रप्पा वर जायला तयार नव्हता. लिंबाखाली खाटेवर बसून होता. “मेलेल्याचं तोंड एकदाच बघावं,” म्हणाला. “मी पाणी शिरताना बघितलंय. बास.” मीही नाही म्हटलं. ज्यांनी गाव बुडवलं त्यांच्याशी भांडण मिटल्याशिवाय मला ती मजा नको होती.

फेऱ्या सुरू झाल्या. पंखा फिरताच ठेवायचा, पाच उतरायचे, पाच चढायचे. मल्लिनाथ एकेकाचा दंड धरून वाकवून नेत होता. केवळाबाई, जिच्या तोंडाला कधी खीळ नव्हती, ती मातीतच बसली. “चुलीची जागा दिसली,” म्हणाली. शेषेराव रुमालानं तोंड पुसत लिंबाकडं गेला आणि चंद्रप्पाच्या शेजारी नुसता बसून राहिला.

दिवस कलला. एकच फेरी उरली. तेव्हा शिवगंगाबाई ताट घेऊन आली. तांदूळ, नारळ, हळदकुंकू, इरकली खण.

मल्लिनाथ म्हणाला, “माय, हे काय? आधी बस. उतरल्यावर भर ओटी.”

“उतरल्यावर ती थांबणार न्हाई, तूच म्हणलास. आम्हाला सोडून लगेच उडणार. लेकीला रिकाम्या ओटीनं लावून देऊ काय?”

“पंखा फिरून राहिलाय. तांदूळ उडतील, खण अडकंल.”

“मग थांबव की जरा.”

मल्लिनाथ पायलटला दोन्ही हातांनी खुणा करायला लागला. आधी तिनं मान हलवली. मग तिला ताट दिसलं, ताटामागची म्हातारी दिसली. काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं इंजिन बंद केलं.

एकटी शिवगंगा ओटी भरून बाजूला झाली असती तर सगळं निभलं असतं. पण सवाष्ण बायका बघता बघता रांगेत उभ्या राहिल्या. एकीनं कुंकू लावलं, मग दुसरीनं न लावून कसं चालेल? ते होतंय तोवर माजी सरपंच आप्पासाहेब शाल आणि माईक घेऊन आला. मी म्हटलं, आप्पासाहेब, भाषण नंतर करा. तो म्हणाला, “दोन शब्द, आक्का.” या जिल्ह्यात दोन शब्दांत बसलेलं भाषण मी ऐकलेलं नाही. मुलींच्या शिक्षणापासून सुरू केलं ते धरणापर्यंत आणलं. धरणाच्या वेळी हा कुठं होता ते मला ठाऊक आहे. मी माईकची वायर उपटली, तोवर सूर्य तलावाच्या पलीकडं धुरळ्यात उतरला होता.

अक्षरानं घड्याळ बघितलं, मग आभाळ बघितलं. शाल काढून घडी केली.

“मल्लिनाथजी, अब नहीं होगा. उजेड असताना मला नांदेडला टेकायचंय.”

शिवगंगाबाईनं पदर खोचला होता. चपला काढून हातात घेतल्या होत्या, देवळात जाताना काढतात तशा.

मी पुढं झाले. “एकच चक्कर मारा. समोर तर हाय तलाव.”

“नाही, आक्का.”

“मग नांदेडपर्यंत न्या. वाटेतच लागतंय. तिथून जीपनं आणू तिला.”

“विमानतळावर उतरणाऱ्यांची नावं आधी कळवावी लागतात. त्या उड्डाणात प्रवासी दाखवलेलेच नाहीत. मला नेता येत नाही.”

“मग उद्या या.”

“उद्या लातूरला लग्न आहे. इथली परवानगी आजचीच.”

मी तोंड उघडलं, तसा मल्लिनाथनं माझा हात धरला. “आक्का, बास. तिला परत विचारू नका.”

“तुझी माय हाय रे ती.”

“म्हणूनच. ती पोरगी आता रडायला आलीय. अजून एकदा विचारलं तर ‘हाव’ म्हणंल.”

मी बघितलं. खरंच होतं. पोरीनं काळा चष्मा घातला होता, मावळतीला. मोर्च्यात मी पोलिसांच्या काठीला गप्प बसले नाही. त्या दिवशी गप्प बसले.

शिवगंगाबाईनं तिच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. कानडीत काहीतरी म्हणाली. मल्लिनाथनं नंतर सांगितलं, “सावकाश जा” म्हणाली.

पंखा सुरू झाला. चुन्याचा एच धुळीत गेला. शिटा रिकाम्या, एका शिटेवर ओटीचा नारळ आणि खण, असं ते हेलिकॉप्टर उठलं आणि सरळ तलावावरून निघालं, कारण नांदेडची वाट तीच. बायकांनी मान वर केली. म्हातारीनं नाही केली. ती कान देऊन उभी होती.

“आता गाव आलं असंल खाली,” म्हणाली. “न्हाई का?”

चंद्रप्पा खाटेवरून उठला, तिच्या हातातल्या चपला घेतल्या आणि खाली तिच्या पायांपुढं ठेवल्या.

त्या पावसाळ्यात धरण भरलं आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलंच नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्याला गाव पुन्हा वर आलं. मल्लिनाथनं पदरचं घालून हेलिकॉप्टर ठरवलं, परवानग्या काढल्या, पायलटही तीच मागून घेतली. या खेपेला पहिल्या फेरीत पहिलं नाव मायचं. मला फोन करून म्हणाला, आक्का, पंगत मोडली. मी जळकोटहून जीपनं गेले.

शिवगंगाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. बोटं बरोबर चालत होती. डोळे उघडे होते आणि त्यांत काही नव्हतं. लेकानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

“केवळाला ने,” म्हणाली. “तिला अजून दिसतंय.”

“माय, तुझ्यासाठी आणलंय.”

“मी येऊन काय करू बाबा? आवाज काय, इथूनबी येतो.”