काकांना मला पास करायचं होतं

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बीएस्सी नर्सिंग करून इंग्लंडला आले, वॉर्डात राबले आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड नर्स प्रॅक्टिशनरच्या ट्रेनिंगला लागले. म्हणजे डॉक्टरसारखं तपासायचं, निदान सुचवायचं. अभिमान होता, आहेच. पण त्या सकाळी हात गार पडले होते, आणि गार हाताने पेशंट दचकतो या भीतीने आणखी गार पडत होते.

कन्सल्टंट, म्हणजे मोठ्या डॉक्टर बाईंसमोर पेशंटचं पोट तपासून दाखवायचं होतं. आधी एकदा नापास झाले होते. "तू स्वतःच्या हाताकडे बघतेस. पेशंटच्या चेहऱ्याकडे बघ," त्या म्हणाल्या होत्या. याही वेळी पास झाल्याची त्यांची सही मिळाली नाही तर नवी पोस्ट जाणार, परत जुना वॉर्ड. आणि आईने तर अख्ख्या गल्लीला आधीच सांगून ठेवलेलं.

पेशंट निघाले सत्तरीचे काका, पुण्याहून इथे रीडिंग शहरात मुलाकडे आलेले, पोट दुखतं म्हणून दाखल. बॅजवरचं आडनाव वाचून खुलले.

"मराठी का गं तू?"

"हो, सांगलीची. काका, आज माझी परीक्षा आहे. या बाई बघणार. चालेल ना?"

"विचारतेस काय! आपल्या पोरीला मी नापास होऊ देतो होय?"

मी हसले. हसायला नको होतं.

बेंबीभोवती दाबलं. "दुखतंय?"

"छे! हात हलका आहे हो तुझा." मग बाईंकडे वळून, "नो पेन! व्हेरी गुड गर्ल!"

बाई हसल्या नाहीत.

उजव्या बरगडीखाली हात ठेवून मी श्वास घ्यायला सांगितलं. श्वास अर्ध्यात अडकला.

"दुखलं?"

"नाही, नाही."

मी चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ हसत होते, कपाळावर घाम होता. ते "नाही" धरलं तर सगळं नॉर्मल, सही हातात. पण हाताखाली श्वास अडकला तो अडकला होता.

"काका, दुखत असताना नाही म्हणालात, तर मी नापास होईन."

ते गडबडले. "अगं, मला वाटलं, तू दाबल्यावर मी ओरडलो तर तुझे मार्क जातील! कालपासून जीव जातोय तिथे."

"काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं. परीक्षेच्या मधोमध मी मराठीत बोलत बसले होते. कान तापले. जसंच्या तसं सांगितलं, आणि पुढे, "पित्ताशयाला सूज असावी. स्कॅन हवा."

बाईंनी स्वतः हात ठेवला.

"आई गं!" काका या वेळी मोकळेपणी ओरडले. त्याचं भाषांतर लागलं नाही.

बाईंनी पेन काढलं. "त्यांना सांग, पेशंट म्हणून ते अगदीच वाईट आहेत. पण तू पास."

मी फक्त शेवटचं सांगितलं. काकांनी ट्रॉलीवरून अंगठा दाखवला आणि स्कॅनला गेले.

सही मिळाली तरी दुपारपर्यंत मी स्कॅनच्या फोनची वाट बघत होते. सूज निघाली नाही तर? फोन आला: होती. हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. काकांना बघायला खाली गेले तेव्हा हात अजून गारच होते.